शिकणाऱ्याकडे पाहतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या रुग्णालयाला जोडून वैद्यकीय आणि नर्सिंग, दोन्ही शिक्षण चालतं. अभ्यासक्रम नव्याने बांधायचा आहे. कुणी सिम्युलेशन लॅब (बाहुल्यांवर सराव करायची खोली) मागतं, कुणी संवादकौशल्याचा वेगळा पेपर, कुणी ऑनलाइन व्याख्यानं. पैसा आणि माणसं दोन्ही बेताची. डॉक्टर आणि नर्स खरोखर चांगले घडावेत म्हणून आधी काय बदलावं? आणि सुरुवात कुठून करावी?"

मी भूलतज्ज्ञ आहे. तीस वर्षांच्या नोकरीतला मोठा भाग आयसीयूत गेला आणि त्यातली वीसेक वर्षं रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणाऱ्या) डॉक्टरांना आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. शिकणारा पेशंटपाशी प्रत्यक्ष काम करत असताना ते काम कुणीतरी जाणत्याने तिथे उभं राहून पाहिलं पाहिजे आणि लगेच त्याच्याशी त्याबद्दल बोललं पाहिजे. लॅब, पेपर, व्याख्यानं यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. हे ऐकायला फार साधं वाटेल. पण तुमच्याकडच्या दहा रेसिडेंट्सना आणि दहा नर्सिंग विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या महिन्यात तुम्ही पेशंट तपासताना शिक्षकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळा पाहिलं. बहुतेकांना आठवून सांगावं लागेल.

हे मला का इतकं महत्त्वाचं वाटतं ते सांगते. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी, रात्री अडीचच्या सुमारास, मी एका पेशंटला कॉलरबोनखालून सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी, टाकत होते. माझ्या लॉगबुकात तोवर अशा पाच लाइन्सची नोंद होती आणि पाचही नोंदींपुढे सीनियरची सही होती. त्यातल्या एकाही वेळी सीनियर शेजारी उभे नव्हते. पहिली लाइन मी बरोबरीच्या एकाची पाहून टाकली होती आणि उरलेल्या चार त्या पहिलीवरून. त्या रात्री सुई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा रक्त आलं, लाइन बसली. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, यांचा श्वास वाढल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, "घाबरलेत ते." त्या गप्प झाल्या. पाऊण तासाने ऑक्सिजन घसरायला लागला तेव्हा लक्षात आलं की फुप्फुसाला सुई लागली आहे आणि छातीत हवा साठते आहे. छातीत नळी टाकावी लागली. पेशंट वाचले. दुसऱ्या दिवशी राउंडला मला न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे छातीत अशी हवा साठण्याची, कारणं विचारली गेली आणि मी ती सगळी बरोबर सांगितली. सुई कुठल्या कोनात धरली होतीस, दोनदा चुकल्यावर थांबली का नाहीस, हे कुणी विचारलं नाही. सिस्टरांना तर कुणी काहीच विचारलं नाही. लॉगबुकात सहावी सही झाली.

शिकवण्याच्या कामात मी ज्या ज्या गोष्टींसाठी भांडले, त्या सगळ्या त्या पाऊण तासात आहेत.

वॉर्डात शिकवण्याची परंपरा जुनी आहे. १८९३ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि विल्यम ऑस्लर यांनी तिथे विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या दालनातून उठवून पेशंटच्या खाटेपाशी नेलं. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, एवढंच आपल्या थडग्यावर लिहिलेलं पुरे, असं ते म्हणत. पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून अहवाल लिहिला. अनेक शाळांत प्रयोगशाळा नावापुरत्या होत्या आणि पेशंटशी संबंध फारसा येतच नव्हता. त्या अहवालानंतर वैद्यकीय शिक्षणाचं रूप बदललं: आधी मूलभूत शास्त्रं, मग रुग्णालय. हाच साचा थोड्याफार फरकाने आजही जगभर चालतो.

पण वॉर्डात असणं आणि पेशंटपाशी असणं यात अंतर पडत गेलं. त्याच बाल्टिमोरमधल्या दोन रुग्णालयांत इंटर्न डॉक्टरांच्या दिवसाचा हिशेब मांडला गेला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पेशंटशी थेट संबंधात त्यांचा वेळ जेमतेम १२ टक्के जात होता आणि कॉम्प्युटरपुढे ४० टक्के. राउंडसुद्धा आता खाटेपासून सरकत सरकत कॉरिडॉरमध्ये आणि तिथून मीटिंग रूममध्ये गेला आहे. तिथे विद्यार्थी केस प्रेझेंट करतो. त्याने तपासणी कशी केली याचं वर्णन आपण ऐकतो आणि त्या वर्णनावर त्याला जोखतो. ज्याचं बोलणं सफाईदार तो हुशार ठरतो. यकृत बरगडीखाली दोन बोटं हाताला लागतंय असं ठामपणे सांगणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, ज्यांनी ते आदल्या दिवशीच्या केसपेपरांतून उचललं होतं. मी त्यांना दोष देत नाही. परीक्षा आणि राउंड दोन्हीकडे वर्णनालाच गुण मिळत असतील तर मुलं वर्णन शिकणार.

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली याची चार पायऱ्यांत मांडणी केली होती. शिकणाऱ्याला माहीत आहे. कसं करायचं ते माहीत आहे. तो करून दाखवू शकतो. आणि रोजच्या कामात तो खरंच तसं करतो. लेखी परीक्षा आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) खालच्या दोन पायऱ्यांपाशी थांबतात. तिसरीसाठी चांगली साधनं आली. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली आजाराची भूमिका वठवणारी प्रशिक्षित माणसं शिक्षणात आणली. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली डंडीहून ओएससीई परीक्षेची पद्धत मांडली: विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरलेलं काम करतो आणि परीक्षक ते पाहून गुण देतो. चौथी पायरी मात्र परीक्षेच्या खोलीत दिसत नाही. ती बघायला वॉर्डातच जावं लागतं, रात्रीच्या ड्यूटीलासुद्धा.

आता हे पाहायचं कसं? मी जे करते ते सांगते, कारण या कामात बारकाव्यांनाच किंमत आहे.

मी पेशंटला सांगते की हे डॉक्टर तुम्हाला तपासणार आहेत, मी त्यांचं काम पाहायला उभी आहे. मग खाटेच्या पायथ्याशी उभी राहते. उशाशी उभं राहिलं की पेशंट माझ्याशीच बोलायला लागतात. दहा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. तोंड बंद ठेवायचं. शिक्षकाला हेच सर्वांत अवघड जातं. मला ते जमायला दोन वर्षं लागली. पेशंटला इजा होण्याची शक्यता दिसली तरच मध्ये पडायचं. नंतर बाजूला जाऊन आधी त्यालाच विचारायचं, पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? आणि मग मी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच.

"छान केलंस", "अजून सुधारणा हवी" हे शब्द मी सोडून दिले आहेत, कारण त्यांतून शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी मी सांगते, "पोट तपासताना तुमची नजर हातावर होती. त्या वेळी पेशंटनी दोनदा डोळे घट्ट मिटले." किंवा, "हात धुतलेत, मग पडदा ओढलात आणि त्याच हाताने ड्रेसिंग उघडलंत." अशा वाक्यावर वाद होत नाही आणि मनाला फार लागतही नाही. पुढच्या वेळी मी तीच गोष्ट बदलली का हे पाहते. दुसऱ्यांदा पाहिलं नाही तर पहिल्यांदा पाहिल्याचा अर्धा उपयोग वाया गेला.

हिस्टरी (आजाराची हकिगत) घेताना पाहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. पेशंट पहिलं वाक्य बोलतात आणि डॉक्टर मध्येच प्रश्न टाकतात. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली हे मोजलं होतं: डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत सेकंद मोजून त्यांना फक्त आकडा सांगते. बहुतेकांना पहिल्यांदा खरं वाटत नाही. संवादकौशल्याचा वेगळा पेपर ठेवायचा की नाही, हा तुमच्या प्रश्नातला मुद्दा होता. माझ्या मते नको. थांबून ऐकणं लिहून दाखवता येत नाही, आणि पेपर ठेवला की ते शिकवून झालं असं सगळ्यांना वाटायला लागतं.

एक सावधगिरी. कामाच्या जागी पाहून अभिप्राय देण्याची मिनी-सीईएक्स नावाची पद्धत १९९५ साली जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी मांडली. पंधरा-वीस मिनिटं पाहायचं, एका छोट्या फॉर्मवर लिहायचं, बोलायचं. पद्धत चांगली आहे आणि जगभर पसरली. पण मी अशी ठिकाणं पाहिली आहेत जिथे टर्म संपायच्या आठवड्यात रेसिडेंट फॉर्मचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या मागे फिरतात आणि सगळ्या सह्या एका बैठकीत होतात. माझ्या लॉगबुकाचंच ते नवं रूप. तेव्हा फॉर्म आणण्याआधी शिक्षकाच्या वेळापत्रकात पाहण्याचा वेळ लिहा. वेळ लिहिलेला नसेल तर फॉर्म आणूच नका.

नर्सिंगच्या शिक्षणाची अडचण थोडी निराळी आहे आणि डॉक्टर मंडळी ती क्वचितच समजून घेतात. पाहण्याची सवय नर्सिंगमध्ये उलट अधिक आहे: ट्यूटर करून दाखवतात, विद्यार्थी परत करून दाखवतात, यादीवर खुणा होतात. पण पाहिल्या जातात त्या पायऱ्या. त्यामागचा विचार पाहिला जात नाही. विद्यार्थिनी बीपी, नाडी, तापमान अगदी नीट घेते, तक्ता भरते आणि श्वासाच्या रकान्यात १८ लिहिते, कारण वरच्या सगळ्या रकान्यांत १८ च आहे. पेशंट खालावत असताना श्वासाचा वेग बहुधा लवकर बदलतो, आणि तक्त्यावर सर्वांत हलगर्जीपणे भरला जाणारा आकडाही तोच असतो. म्हणून मी ट्यूटरांना सांगते, पायऱ्या एकदा जमल्या की एक प्रश्न विचारायला लागा: "काल हे उठून बसले होते, आज पडून आहेत. काय वाटतं?" या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय म्हणजेच नर्सची खरी तालीम. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत नर्सच्या प्रवासाचे पाच टप्पे मांडले. नियमावर चालणारी नर्स हळूहळू समोरची परिस्थिती एकदम ओळखायला लागते, हे त्यांनी दाखवलं. ही ओळख पेशंटपाशी, जाणत्या माणसाबरोबर, बोलत बोलत तयार होते.

त्यासाठी विद्यार्थिनीला विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात असता आलं पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा काढली तेव्हापासून शिकणाऱ्या मुली वॉर्डचं कामही करत आल्या. यात फायदा होता, पण एक वाईट सवयही जडली: विद्यार्थ्यांना मनुष्यबळात धरण्याची. ड्यूटी लिस्टमध्ये जिचं नाव कामाचे हात म्हणून मोजलं, तिला त्या पाळीत कुणी शिकवत नाही, कारण शिकवणारी सिस्टरही तितकीच ओढग्रस्त असते. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या बाबतीत, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी कमी होत होती. नर्सची संख्या आणि नर्सचं शिक्षण, दोन्ही पेशंटच्या जिवाशी जोडलेलं आहे. तुमच्या नव्या आराखड्यात पहिली ओळ ही घाला: शिकत असलेली नर्स मनुष्यबळात धरली जाणार नाही. मला माहीत आहे, यावरच सर्वांत जास्त वाद होईल. तो वाद करा.

सिम्युलेशन लॅबबद्दल. लॅब उपयोगाची आहे, पण ती कशासाठी वापरता यावर सगळं आहे. शिकागोमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेफ्री बार्सुक, डायन वेन आणि सहकाऱ्यांनी रेसिडेंट्सना सेंट्रल लाइन टाकायला आधी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, शिकवलं. अट एकच: ठरवून दिलेली पातळी गाठल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. कुणाला लवकर जमलं, कुणाला पुन्हा पुन्हा यावं लागलं. पातळी सगळ्यांना सारखी, वेळ ज्याचा त्याचा. २००९ साली त्यांनी निकाल मांडले. आयसीयूतल्या लाइनमुळे होणारा रक्ताचा जंतुसंसर्ग दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ३.२ वरून ०.५ वर आला होता. आपण नेहमी याच्या उलट करतो. वेळ सगळ्यांना सारखा देतो, सहा महिन्यांची पोस्टिंग, आणि त्यात कोण किती शिकला हे नशिबावर सोडतो. त्या अभ्यासात मॅनिकिनचं काम मोठं होतंच, पण त्याहून मोठं काम मॅनिकिनपाशी उभं राहून प्रत्येक पायरी पाहणाऱ्या आणि "अजून नाही" म्हणू शकणाऱ्या शिक्षकाचं होतं. असा शिक्षक नसेल तर महागडी बाहुली कपाटात पडून राहते; अशी कपाटं मी उघडून पाहिली आहेत.

हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबासाठी तर फार खर्चाचीही गरज नाही. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लारडाल यांनी १९६० साली सरावाची पहिली बाहुली बनवली, ती साधीच होती. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे ऐकून येत नाही, हाताला कळावं लागतं. आणि आलेलं काही महिन्यांतच जातं. म्हणून दोन वर्षांतून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा वॉर्डाच्या कोपऱ्यात बाहुली ठेवा आणि दर महिन्याला प्रत्येकाकडून दोन-दोन मिनिटं करून घ्या. डॉक्टर आणि सिस्टर, दोघांकडून, एकाच वेळी.

हा "एकाच वेळी" मला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. डॉक्टर आणि नर्स आयुष्यभर एका खाटेपाशी काम करतात आणि शिकतात मात्र वेगवेगळ्या इमारतींत. त्या रात्री सिस्टरांनी मला वेळेवर सांगितलं होतं. त्या हळू बोलल्या, हे खरं. पण बिघाड ऐकण्यात होता. मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंचा अनुभव पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००६ साली मांडला तेव्हा मला तो सिस्टरांचा आवाज आठवला होता. त्यांनी लाइन टाकताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या, हात धुण्यापासून नको असलेली लाइन लवकर काढण्यापर्यंत. पण एक गोष्ट वेगळी होती: डॉक्टरने एखादी पायरी चुकवली तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि त्यासाठी वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहणार. तीन महिन्यांत जंतुसंसर्गाचा मध्यांक (चढत्या क्रमात मधल्या आयसीयूचा आकडा) दर हजार कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला.

यावरून अनेकांनी धडा घेतला तो यादीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया यादीचे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मोठ्याने वाचून तपासायच्या गोष्टींच्या यादीचे, आठ शहरांतले निकाल २००९ साली आले. त्यांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरलं होतं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांनी यादी लागू केली आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी मुळातच कुचकामी आहे असं कुणी यावरून म्हणेल. मला ते पटत नाही. माझ्या ऑपरेशन थिएटरमधला अनुभव असा की यादी वाचताना सर्जन हातमोजे चढवत पाठमोरे उभे असतील तर ती वाचून झाली एवढंच होतं. आणि सगळे थांबून एकमेकांकडे पाहत असतील तर त्याच यादीतून चुकीची बाजू, चुकीचं औषध पकडलं जातं. हे थांबणं शिकवावं लागतं, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, सगळ्यांना एका खोलीत बसवूनच शिकवता येतं.

नर्सना "ठामपणे बोला" असं शिकवणारी सत्रं हल्ली ठिकठिकाणी होतात. डॉक्टरांना त्यावर उत्तर कसं द्यायचं हे शिकवणारं सत्र मला अजून क्वचितच दिसलं. मी ते घेते. सराव अगदी लहान आहे. सिस्टर इतकंच म्हणतात, "मला हे पेशंट ठीक वाटत नाहीत." कारण सांगायचं नाही, आकडा द्यायचा नाही. रेसिडेंटने दोनच गोष्टी करायच्या: "काय बदललंय असं वाटतं?" हे विचारायचं आणि उठून खाटेपाशी जायचं. पहिल्या फेरीत निम्मे रेसिडेंट बसल्या जागेवरून आकडे विचारतात. पाचव्या फेरीत उठतात. सराव झाल्यावर सिस्टर त्यांना सांगतात की तुमचं कुठलं वाक्य ऐकून पुन्हा सांगावंसं वाटलं आणि कुठल्या वाक्याने तोंड बंद झालं. या पाच मिनिटांत मी माणसं बदलताना पाहिली आहेत.

हँडओव्हरचंही तसंच. मुलांच्या नऊ रुग्णालयांत रेसिडेंट्सना पाळी बदलताना माहिती देण्याची आय-पास नावाची ठरलेली रीत शिकवली गेली. २०१४ च्या निकालांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या. त्या रीतीतला शेवटचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: माहिती घेणाऱ्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. तिथेच कळतं की काय पोचलं नाही.

व्याख्यानांबद्दल फार लिहीत नाही. ऑनलाइन करा, हरकत नाही, त्याने शिक्षकाचा वेळ वाचत असेल तर चांगलंच. फक्त ऐकून आणि पुन्हा वाचून लक्षात राहत नाही, आठवून सांगितल्याने राहतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला आणि एकदा वाचून मग न बघता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र दोनदा वाचणारेच पुढे होते, म्हणून तर विद्यार्थ्यांना वाचनच फळतंय असं वाटत राहतं. तेव्हा प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावर दोन प्रश्न, गुण न देता.

ड्यूटीच्या तासांवर लोक हिरिरीने बोलतात आणि मीही बोलते. २००४ साली ख्रिस्तोफर लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होतात. पण त्यांचाच २०२० चा अभ्यास सहसा कुणी सांगत नाही. मुलांच्या सहा आयसीयूंत पाळ्या लहान केल्यावर एकंदरीत चुका वाढल्या, कारण बऱ्याच ठिकाणी त्यासोबत एकेका रेसिडेंटकडचे पेशंटही वाढले होते. तास कमी करताना माणसं वाढवली नाहीत तर थकवा जाऊन घाई येते, आणि घाईत कुणी कुणाला पाहत नाही, शिकवत तर नाहीच.

राहिले शिक्षक. अनुभवाने माणूस आपोआप सुधारतो, हा आपला मोठा गैरसमज. २००५ साली नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी ६२ अभ्यास एकत्र तपासले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तशी उपचारांची गुणवत्ता घटताना दिसली. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात असं दिसलं की डॉक्टर स्वतःबद्दल करतात तो अंदाज आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांचा मेळ बहुतेक वेळा बसत नाही. म्हणजे रेसिडेंटला पाहणारं कुणी नाही, आणि सीनियरला तर मुळीच नाही. मी दर वर्षी एका सहकाऱ्याला आणि एका सिस्टरांना माझं काम पाहायला बोलावते. गेल्या खेपेला सिस्टरांनी सांगितलं की मी पेशंटला भूल देण्याआधी मॉनिटरकडे पाहत बोलते. ते खरं होतं. शिक्षकांना बढती देताना त्यांनी किती तास शिकणाऱ्यांना पाहिलं हे संस्थेने मोजावं. शोधनिबंध मोजता येतात तसे हे तासही मोजता येतात.

सुरुवात कुठून, असं तुम्ही विचारलंत. पूर्ण अभ्यासक्रम हातात घेऊ नका. एक वॉर्ड निवडा, जिथल्या इनचार्ज सिस्टर आणि एक डॉक्टर शिक्षक यांचं एकमेकांशी जमतं असा. शिकवण्यासाठी एकच काम निवडा. मी असते तर श्वासाचा वेग मोजणं आणि तो बिघडल्यावर कळवणं हे निवडलं असतं, कारण त्यात नर्स आणि डॉक्टर दोघंही येतात आणि उपकरण लागतं ते फक्त घड्याळ. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, शिक्षक आणि इनचार्ज सिस्टर मिळून एका नर्सिंग विद्यार्थ्याला आणि एका रेसिडेंटला पाहतील. तो वेळ दोघांच्या ड्यूटी लिस्टमध्ये लिहिलेला असेल आणि त्या पंधरा मिनिटांत त्यांचे फोन दुसरं कुणी घेईल. काय पाहिलं ते एका वहीत एका ओळीत लिहा, शिकणाऱ्याचं नाव न घालता. महिनाअखेर ती वही वाचली की पुढचं काम कुठलं निवडायचं ते तिथेच दिसेल. आणि पहिले तीन महिने या पाहण्याला गुण देऊ नका, ते हजेरीलाही जोडू नका. गुण आले की मुलं पाहणाऱ्यासमोर वेगळं वागतात आणि पाठ फिरल्यावर वेगळं, आणि आपल्याला पाहायचं असतं ते दुसरं.